दोरीच्या पलीकडे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठातल्या कणभौतिकीच्या मास्टरक्लासचा अर्ज तू अर्धवट टाकलायस, हे काल टेबल आवरताना दिसलं. ‘का यावंसं वाटतं?’ या रकान्यात दोन शब्द लिहून खोडलेत. आई म्हणाली, फिजिक्समध्ये मार्क कमी पडले म्हणून तू कच खातेयस. अगं, त्या अर्जात मार्कांचा रकानाच नाही!

नववीत आम्हालाही एक प्रयोगशाळा दाखवली होती. दोरीच्या अलीकडे, हाताची घडी घालून. मी विचारलं, ‘हे यंत्र चालू आहे का?’ तर सगळे हसले. आज आठवतं ते फक्त त्या यंत्रावरचं धुळकट प्लास्टिकचं कव्हर.

हा प्रकार निराळा आहे. २००५ पासून निरनिराळ्या देशांतली विद्यापीठं साधारण १५ ते १९ वर्षांच्या मुलांना यासाठी एक दिवस बोलावतात. आता तिथे जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा, म्हणजे प्रोटॉन एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्राचा, खराखुरा डेटा समोर ठेवतात. स्क्रीनवर एकेका टकरीचं चित्र येतं. त्यातून दोन म्यूऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद) निघालेत, की इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन यांची जोडी, की आपल्या कामाचं काहीच नाही, हे तू ठरवायचं. वीसेक चित्रांनंतर कंटाळशील. जोडी ओळखलीस की ती ज्या कणाच्या विघटनातून निघाली, त्याचं वस्तुमान सॉफ्टवेअर काढून देतं. तुझ्या एकटीच्या आकड्यांतून फारसं काही कळणार नाही. पण सगळ्यांचे आकडे एका आलेखात पडले, की ९१ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास टेकाड उभं राहतं. तो झेड बोसॉन, क्षीण बल वाहणारा कण. १९८३ मध्ये सर्नमध्येच पहिल्यांदा सापडलेला. शेवटी इतर देशांतल्या मुलांशी व्हिडिओवर आकडे ताडून बघायचे असतात.

सकाळच्या भाषणांत डुलकी लागली तर लागू दे. पण क्लाउड चेंबर, म्हणजे कणांच्या वाटा दाखवणारी पेटी, मांडलेलं असेल तर तिथून हलू नकोस. खाली सुका बर्फ, वर अल्कोहोलची वाफ, आणि काळ्या पत्र्यावर उमटून विरणाऱ्या पांढऱ्या रेघा. त्यांतल्या काही म्यूऑनच्या. हा कण वातावरणात कित्येक किलोमीटर उंचावर जन्मतो, सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो. मग खाली पोचतो कसा? तिथे पीएचडी करणारी एखादी ताई भेटेल, तिला विचार. प्राध्यापकांपेक्षा ती जास्त वेळ देईल, असा आपला माझा अंदाज.

आणि त्या रकान्यात भारदस्त काही नको. परवा जेवताना विचारलंस ना, ‘कण दिसतच नाही, तर तो आहे हे ठरवतात कसं?’ तेवढंच लिही. शुक्रवारी मुदत संपतेय.

तुझा,
बाबा