ईशान्येकडे तोंड केलेले तीन खांब

इंदूर,
रविवार, सकाळ

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर नाही, नंतर फोनही नाही. रागावला असशील तर रागाव, पण आधी हे वाच. गोष्ट अशी आहे की तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. सुमनला सांगून बघितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, 'मग त्यात एवढं काय?' म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

तब्येत ठीक. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, शुगर गोळ्यांवर आहे.

मिलिंदचा फोटो आला परवा, शिकागोहून. सपाट शेत, मका कापून नेलेला, आणि मधोमध तीन उंच खांब. प्रत्येकावर एक आडवा दांडा आणि त्याला माशाच्या काट्यासारख्या सळया, एका टोकाला लांबलचक, दुसऱ्या टोकाकडे आखूड आखूड होत गेलेल्या. भोवती तारेचं कुंपण, पायथ्याशी पत्र्याची खोली, पाटी कसलीच नाही. खाली त्यानं लिहिलं होतं, 'मामा, ओळखा. गूगल करायचं नाही.'

तुला आठवतंय ना, रामबागेतल्या गच्चीवर आपण त्याला हेच करायचो. डोळे मिटायला लावून काटा फिरवायचा आणि 'ओळख रे कुठलं स्टेशन' म्हणायचं. मॉस्को तो उच्चारांवरून ओळखायचा, पेकिंग बातम्यांआधीच्या संगीतावरून, आणि सिलोन तर तुझ्या गुणगुणण्यावरून. आता तो मला कोडी घालतो.

लॉग-पीरिऑडिक ॲंटेना आहे, एकीवरच लहानमोठ्या अनेक लहरी चालवणारी, हे बघताक्षणी कळलं. कुंपणाशी त्याची गाडी उभी होती, तीच मोजपट्टी धरली. सगळ्यांत लांब सळई गाडीच्या चौपट, म्हणजे वीस मीटरच्या आसपास. सळई अर्ध्या लहरीएवढी असते. अर्धी लहर वीस, तर पूर्ण लहर चाळीस, आणि 300 भागिले 40 म्हणजे साडेसात मेगाहर्ट्झ. सगळ्यांत आखूड सळई गाडीहून जरा मोठी, म्हणजे वरची हद्द 25 मेगाहर्ट्झच्या आगेमागे. अख्खा शॉर्टवेव्हच झाला की हा! रात्री खालच्या फ्रिक्वेन्सी चालतात, दिवसा वरच्या. दोन्हीकडची सोय करून ठेवलीय, म्हणजे ज्याचं कुणाचं हे आहे त्याला चोवीस तास संपर्क हवाय.

पण कुणाचं? पहिली शंका आली प्रसारणाची. पण परदेशी प्रसारण करायचं तर एका काट्यावर भागत नाही. दिल्लीजवळचं खामपूर घे नाहीतर बंगळूरचं केंद्र, तिथे शेकडो किलोवॅटचे ट्रान्समीटर आणि उंच मनोऱ्यांच्या मध्ये ताणलेले तारांचे पडदे. इथे विजेची साधी एक लाईन आलेली दिसत होती. मग सैन्य? पण सैन्याच्या कुंपणाशी गाडी लावून फोटो काढू देतात का? महूला आपल्याला नुसती सायकल टेकवू दिली नव्हती. 'भैंस ढूंढ रहे हैं, साब' हे तुझं उत्तर ऐकून त्या शिपायानं तुझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे ज्या नजरेनं बघितलं होतं, ते आठवून मी इथे एकटाच हसतोय.

रडारचा विचारही करून झाला, कारण 'टक-टक-टक' तू विसरला नसशील. 1976 चा पावसाळा, सगळ्या बँडवर सेकंदाला दहा ठोके. तू म्हणालास शेजारच्या वाड्यातली पाण्याची मोटर. मी म्हणालो रशियन रडार. त्यावरून आपण केवढे भांडलो! शेवटी तू शेजारचा फ्यूजच काढलास आणि टक-टक चालूच राहिली, तरी तू ऐकेनास. ती दुगा रडारची होती हे आता सगळ्यांना माहीत आहे. दीडशे मीटर उंच आणि सुमारे सातशे मीटर लांब असं ते जाळं अजूनही चेर्नोबिलजवळच्या जंगलात उभं आहे. क्षितिजापलीकडून सुटलेली अमेरिकन क्षेपणास्त्रं हेरायला बांधलेलं. 1989 मध्ये ती टक-टक थांबली, तोवर जगभरच्या लोकांनी काय काय तर्क केले होते, कुणी हवामान बदलायचं यंत्र म्हणालं, कुणी माणसांची मनं वळवायचं. अलास्कातल्या हार्प या संशोधन केंद्रावरही तेच आरोप. खरं तर हार्पच्या 180 खांबांचा रोख सरळ वर आहे, आयनांबर, म्हणजे शॉर्टवेव्हला परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा थर, तापवून बघायचं त्याचं काम. ॲंटेनाचं हेच मला फार आवडतं दिगू. काय बोलतेय ते ती लपवू शकते, पण लहर केवढी आणि तोंड कुणीकडे, हे तिला लपवता येत नाही. ते तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

म्हणून मी तोंडाकडे वळलो. हौशी रेडिओवाल्याची ॲंटेना म्हणावी तर ती फिरवायची सोय हवी. आज जपान, उद्या ब्राझील, हीच तर हौशी माणसाची मजा. हे तिन्ही काटे घट्ट आवळलेले आणि तिन्ही एकाच दिशेला. ज्याला एकाच माणसाशी बोलायचंय तोच असं करतो. मिलिंदला फोटोची वेळ विचारली, सावली कुठे पडलीय ते बघितलं आणि दिशा काढली. आखूड सळया ईशान्येला. तेव्हा नातीचा पृथ्वीचा गोल काढला आणि शिकागोपासून दोरा ताणत गेलो. सपाट नकाशावर लंडन सरळ पूर्वेला वाटतं, पण गोलावर ताठ धरलेला दोरा शिकागोहून ईशान्येलाच निघतो आणि कॅनडावरून जाऊन बरोबर लंडनवर उतरतो. थोडा पुढे ओढला की फ्रँकफर्ट.

आणि मग ती बारकी थाळी दिसली. मधल्या खांबावर, काट्याच्या बरीच खाली, मायक्रोवेव्हची. मिलिंदला विचारलं, तिचं तोंड कुठे? 'ऑरोराकडे,' तो म्हणाला. शिकागो मर्कंटाइल एक्स्चेंजचे सौदे ज्या संगणकांवर होतात ते ऑरोरा गावात आहेत. दिगू, मी खुर्चीत ताठ बसलो. सट्टाबाजार! थाळीनं ऑरोरातला भाव उचलायचा आणि काट्यानं लंडनला फेकायचा.

हिशेब तूही करून बघ. शिकागो ते लंडन अंदाजे 6,400 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, रेडिओ हवेतून तीन लाख. समुद्राखालची केबल अगदी सरळ रेषेत टाकली तरी 32 मिलिसेकंद लागणार, आणि ती सरळ नसतेच. रेडिओला आयनांबरावरून दोन टप्पे घेत जाऊनही बाविसेक. मधले दहा मिलिसेकंद, पापणी लवायला लागतो त्याचा दहावा हिस्साही नाही, तेवढ्यात यंत्र सौदा करून मोकळं होतं. शॉर्टवेव्हवर फार माहिती मावत नाही, पण 'घे' आणि 'विक' एवढंच सांगायचं असेल तर मावते. तिथल्या एका संगणकवाल्यानं 2018 मध्येच असले खांब शोधून काढले होते, हे मिलिंदनं मी ओळखल्यावर सांगितलं. 'मामा, पैकीच्या पैकी,' म्हणाला.

आणि मग म्हणाला, 'त्या खांबांवर काम करायला मला बोलावलंय. जाऊ का?'

हे सांगायला एवढं सगळं लिहिलं.

पोराला सोल्डरिंगचं वेड लागलं ते आपल्यामुळे. पहिला क्रिस्टल सेट त्यानं तुझ्या हाताखाली जोडला. ताई गेली तेव्हा तो कुणाशी बोलत नव्हता, रात्ररात्र कानाला हेडफोन लावून बसायचा, आणि मला तेव्हा वाटायचं, बरं झालं, इतक्या लांबून कुणीतरी त्याच्याशी बोलतंय. म्हणून मला 'जा' म्हणवत नाही. पगार भरपूर आहे, काम कठीण आहे, त्याच्या हुशारीला शोभणारं आहे, हे सगळं मान्य. तू म्हणशील, 'धंदा आहे, कुणी चोरी करतंय का?' चोरी नाही. लायसन्स घेऊनच चाललंय, प्रायोगिक म्हणून. 2023 मध्ये तर अशा मंडळींनी एकत्र येऊन तिथल्या सरकारी आयोगाकडे अर्ज केला, की 2 ते 25 मेगाहर्ट्झमध्ये 20 किलोवॅटपर्यंत शक्तीनं कायमची परवानगी द्या. तिकडच्या हौशी लोकांच्या संघटनेनं जोरदार विरोध केला. शंभर वॅटवर पृथ्वीच्या पलीकडे बोलणारा माणूस 20 किलोवॅटच्या शेजारी कसा टिकणार?

पैशाबद्दल माझी तक्रार नाही, वेगाबद्दल तर नाहीच. मला खुपतं ते हे, की शॉर्टवेव्ह कुठल्याच देशाच्या हद्दीत थांबत नाही. लायसन्स देणार वॉशिंग्टन, आणि खरखर येणार इंदूरच्या गच्चीवर. आपल्याला कुणी विचारलं? वरचा तो आयनांबराचा थर सगळ्यांचा. पोस्टात रेडिओचं लायसन्स भरून अन् गच्चीवर तांब्याची तार टाकून आपण सगळं जग ऐकलं, आणि मध्ये कुणी दलाल नव्हता. भूजला 2001 मध्ये फोन मेले तेव्हा हौशी लोकच सेट घेऊन पोचले होते. 2004 च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरहून निरोप त्यांनीच पोचवले. ते बँड असे, की ज्यावर बोललेलं सगळ्यांनी ऐकावं. आता त्यांवर असं काहीतरी भरायला निघालेत जे दोन यंत्रांखेरीज कुणी ऐकूच नये.

आणि बोलणारे तर गेलेच एकेक. रेडिओ नेदरलँड्स 2012 मध्ये शॉर्टवेव्हवरून उठलं, रेडिओ ऑस्ट्रेलिया 2017 मध्ये, बीबीसी हिंदी 31 जानेवारी 2020 ला. आकाशवाणीनंही कितीतरी ट्रान्समीटर बंद केले. जागा रिकामी झाली म्हणून हे आले, असं मिलिंद म्हणतो. 'वापरात नसलेली जमीन कुणीतरी कसणारच ना, मामा?' मी त्याला म्हटलं, गायरान कुणी नांगरत नाही म्हणून ते पडीक होत नाही. तो गप्प झाला. नंतर म्हणाला, 'मी नाही गेलो तर दुसरा जाईल, आणि त्याला शेजारच्या बँडची फिकीर नसेल.' ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. तू असतास तर त्याच्याच बाजूनं बोलला असतास. मर्फी विकून लॅम्ब्रेटा घेतलीस तेव्हाही तू असाच बोलला होतास, 'बंड्या, रेडिओवरून ऑफिसला जाता येत नाही.' ते मी अजून माफ केलेलं नाही. तो सेट निम्मा माझा होता, आणि मॉस्को स्टेशननं ऐकल्याची पोच म्हणून पाठवलेलं ते कार्ड, ज्यावर आपल्या दोघांची नावं आहेत, तेही तुझ्याच ट्रंकेत आहे.

तरी तू त्याला फोन कर. मी बोललो की तो ऐकून घेतो, तू बोललास की वाद घालतो, आणि त्याला सध्या वाद घालणारा माणूस हवाय. त्याला एवढं विचार, की जाशील तर तुझा सिग्नल शेजारच्या बँडवर किती सांडतो हे मोजून तुझ्या वरिष्ठांपुढे तोंडावर मांडशील का? 'हो' म्हणाला तर मी अडवणार नाही.

दुसरं काम तुझ्याकडे. आपल्या लॉगच्या वह्या, निळ्या पुठ्ठ्याच्या, त्या मला हव्यात. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कोण आणि किती स्पष्ट, सगळं तुझ्या मोत्यासारख्या अक्षरात आहे. मी नवा सेट घेतलाय, तार परत गच्चीवर टाकलीय. त्याच महिन्यांत, त्याच वेळेला, त्याच जागांवर काय ऐकू येतं ते लिहून काढणार आहे, शेजारीशेजारी दोन रकान्यांत. अर्जांवर हरकती घ्यायच्या तर 'आम्हाला वाईट वाटतं' म्हणून चालत नाही, नोंद लागते. तुझ्या वह्यांएवढी जुनी नोंद इंदुरात दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

प्राजक्ताचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला, तारीख कळव. गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात करणार की मुंबईत? वहिनींना नमस्कार, त्यांच्या हातच्या अनारशांची सुमन अजून आठवण काढते. आणि खडकीला जाणं झालं तर तिथल्या जुन्या माणसांना विचार, बीम स्टेशनच्या खांबांतलं काही शिल्लक आहे का. 1927 मध्ये तिथून विलायतेला बिनतारी तारा जायच्या आणि दौंडला तिकडच्या उतरायच्या, हे तूच मला पहिल्यांदा सांगितलं होतंस.

वह्या स्पीड पोस्टानं पाठव, कुरिअरला देऊ नकोस. मॉस्कोचं कार्डही त्यातच घाल.

तुझा,
बंडू

ता. क. मिलिंदला फोन आपल्या रात्री साडेआठनंतर कर, तिकडे तेव्हा सकाळ असते. आधी सिलोनचं एखादं गाणं गुणगुण, मग विषय काढ.