बारोन यांस, नाव न घेता

आदरणीय बारोन,

स. न. वि. वि.

तुमचे विद्यार्थी तुम्हाला बारोन, म्हणजे आर्मेनियनमध्ये 'सर', म्हणतात, तेच ऐकून मीही म्हणू लागले आणि इथेही तेवढंच लिहिते आहे. नाव छापायचं नाही, असं तुम्ही पहिल्याच भेटीत बजावलं होतंत. स्वतःसाठी नव्हे, "शाळेला उगाच ताप नको" म्हणून. तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे तुमची भाची फोनच्या मदतीने हे पत्र कसंबसं वाचून दाखवेल. तरी मराठीतच लिहिते, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते माझ्या वाचकांना कळावं असं वाटतं.

मी इस्तंबूलला तुमच्याकडे आले ती मुंबईतल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांवर दिवाळी अंकासाठी लेख लिहिण्याच्या तयारीने. आमच्या फोर्टात, जुन्या मेडोज स्ट्रीटवर, त्यांनी १७९६ साली बांधलेलं चर्च आहे. त्या व्यापाऱ्यांचं मूळ सांगताना तुम्ही मला सरळ सतराव्या शतकात नेलंत. इराणच्या शाह अब्बासने जुल्फा गाव रिकामं करून तिथले आर्मेनियन इस्फहानला हलवले, तिथे नवं जुल्फा उभं राहिलं, आणि त्याच वस्तीतून लोक सुरत, मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोचले. "आमच्या भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक मद्रासला निघालं, १७९४ मध्ये, 'अझ्दारार'," हे सांगताना तुमचा चेहरा असा खुलला, की जणू तुम्हीच त्याचे खिळे जुळवले होते! मी बदल्यात गायिका गौहर जान पुढे केली. बाप आर्मेनियन वंशाचा, आणि १९०२ मध्ये हिंदुस्थानातल्या पहिल्यावहिल्या तबकड्यांमध्ये तिचा आवाज. ते मात्र तुम्हाला ठाऊक नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, की हे व्यापारासाठी पसरलेले लोक आणि १९१५ नंतर उधळले गेलेले लोक यांची एकच यादी करू नकोस. त्या एका वाक्याने माझा लेख पार बदलला. (संपादक वैतागले, पण त्यांनी जागा दिली.)

ओटोमन तुर्की राजवटीत आर्मेनियनांचा वंशसंहार झाला हे मी वाचलं होतं. २४ एप्रिल १९१५ च्या रात्री इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक-पुढाऱ्यांची धरपकड, मग अनातोलियातून, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागातून, गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलणं, मृतांचे सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितले जाणारे आकडे, आणि 'युद्धातले मृत्यू होते, वंशसंहार नव्हे' हे तुर्की सरकारचं आजवरचं म्हणणं. एवढं कुठल्याही पुस्तकात मिळतं. तुम्ही मला मूसा डोंगराखालची गावं दाखवलीत, तीही चहाच्या टपरीवर, कागदी रुमालावर पेनाने रेघा ओढून. हद्दपारीचा हुकूम आल्यावर तिथले लोक डोंगरावर चढले आणि लढले. फ्रेंच जहाजांनी चार हजारांच्या आसपास माणसांना उचलून इजिप्तमधल्या पोर्ट सैदला नेलं. युद्धानंतर तो मुलूख फ्रेंचांच्या ताब्यात आला, तेव्हा ते घरी परतले. १९३९ मध्ये तो मुलूख, म्हणजे आजचा हाताय प्रांत, तुर्कस्तानात गेला आणि बहुतेकांनी पुन्हा गाशा गुंडाळला, या वेळी लेबनॉनमधल्या अंजारला. तिथे त्यांनी सहा मोहल्ले वसवले आणि त्यांना सोडून आलेल्या सहा गावांची नावं दिली. हलायला तयार न झालेलं वाकिफ्ली आज तुर्कस्तानातलं एकमेव आर्मेनियन खेडं आहे. तुमचे नातेवाईक दोन्हीकडे आहेत. मधल्या सीमा ओलांडताना व्हिसाच्या रांगेत कुणाला काय विचारतात, ते तुम्ही नक्कल करून सांगितलंत. मी हसले आणि मग मला अवघडल्यासारखं झालं. तुम्ही मात्र पुढचा चहा मागवला होता.

जेलाल बेची गोष्टही तुमचीच देणगी. हा आधी अलेप्पोचा आणि मग कोन्याचा तुर्क गव्हर्नर. त्याने हद्दपारीचा हुकूम मानला नाही, तो असेपर्यंत कोन्यातले आर्मेनियन टिकले, आणि त्याला हटवल्यावर त्यांनाही हलवलं गेलं. ही गोष्ट सांगून तुम्ही लगेच ताकीद दिलीत, "एका भल्या माणसाच्या नावावर बाकीचा हिशोब मिटवू नकोस." लेखात मी ती जशीच्या तशी टाकली आहे.

सगळ्यात ऋणी आहे ती तूझ्लाच्या दुपारसाठी. इस्तंबूलबाहेरची ती आर्मेनियन मुलांची छावणी, कॅम्प आर्मेन. अनातोलियात उरलेल्या कुटुंबांची मुलं साठच्या दशकात तिथे आणली गेली आणि त्यांनीच विटा-वाळू वाहून ती इमारत उभी केली. पुढे पत्रकार झालेले ह्रांत दिंक त्यातलेच एक. तिथेच त्यांची रकेलशी, म्हणजे त्यांच्या भावी पत्नीशी, गाठ पडली, आणि पुढे दोघांनी मिळून ती छावणी चालवली. अल्पसंख्याकांच्या संस्थांनी १९३६ मध्ये जी मालमत्ता जाहीर केली होती, त्यानंतरची खरेदी बेकायदा, असा अर्थ न्यायालयांनी लावला, आणि १९८० च्या दशकात जागा हातची गेली. २०१५ मध्ये इमारत पाडायला बुलडोझर आला तेव्हा तिथे जाऊन बसलेल्यांत तुर्क आणि कुर्द पोरंही होती. त्याच वर्षी जागा परत मिळाली. तुम्ही भिंतीला हात लावून बोलत होतात, आणि मी टिपणं घ्यायची सोडून ऐकत राहिले.

दिंक यांनी १९९६ मध्ये 'आगोस' हे साप्ताहिक काढलं, बहुतांश तुर्कीत, काही पानं आर्मेनियनमध्ये. जगभर पसरलेल्या आपल्याच लोकांना त्यांनी लिहिलं, की तुर्कांविषयीचा राग तुमच्या रक्तात विष होऊन बसला आहे, त्यातून मोकळे व्हा. वकिलांनी ते वाक्य उलटं करून 'तुर्कपणाचा अपमान' ठरवलं आणि २००५ मध्ये त्यांना शिक्षा झाली. १९ जानेवारी २००७ ला कचेरीसमोरच त्यांना गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेत लाखाहून जास्त लोक 'आम्ही सगळे आर्मेनियन' लिहिलेले फलक घेऊन चालले. तुम्ही त्यात होतात. शेजारी चालणाऱ्या अनोळखी तुर्क बाईने तुमचा हात धरला, तो दफनापर्यंत सोडला नाही, हे तुम्ही मला भर रस्त्यात सांगितलंत, तेही शिश्लीच्या फुटपाथवरल्या त्या स्मृतिफलकापाशी उभं राहून.

आता थोडं भांडते. बैरुतच्या बुर्ज हम्मूदमध्ये, पॅरिसमध्ये, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेल्या आर्मेनियनांना तुम्ही "लांबून ओरडणारे" म्हणता, ते मला पटलेलं नाही. तुमच्याकडे निदान रस्ता आहे, शाळा आहे, भांडायला शेजारी आहेत. त्यांच्याकडे नोर मराश, नोर अदाना (नोर म्हणजे नवं) अशी, सुटलेल्या गावांवरून मोहल्ल्यांना दिलेली नावं आणि आजीच्या तोंडून ऐकलेलं, एवढंच. त्यांनी आवाज चढवला तर मला नवल वाटत नाही. तुमचा रोष कळतो, कारण त्यांच्या प्रत्येक घोषणेचं बिल इस्तंबूलच्या शाळकरी पोराला भरावं लागतं. तरीही मी लेखात त्यांची बाजू ठेवली आहे. तुम्ही वाचाल तेव्हा भुवया चढतील, चढू द्या.

आणि तो मार्गाराचा पूल! १९९३ पासून तुर्कस्तान आणि आर्मेनिया यांच्यामधली सीमा बंद. फुटबॉलच्या निमित्ताने तुर्की राष्ट्राध्यक्ष गुल २००८ मध्ये आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला गेले, पुढच्या वर्षी झुरिचला करार झाले, आणि ते कागदावरच राहिले. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर मात्र अरास नदीवरच्या याच पुलावरून आर्मेनियाचे मदतीचे ट्रक तुर्कस्तानात आले, तीस वर्षांत पहिल्यांदा. त्याआधीच्या वर्षी तिसऱ्या देशांच्या नागरिकांसाठी सीमा उघडायचं ठरलं होतं. म्हणजे मुंबईची मी आधी पलीकडे जाणार आणि तुम्ही नंतर, असं म्हटल्यावर तुम्ही इतके हसलात की चहावाला बघायला आला.

दिवाळी अंकाच्या दोन प्रती टपालाने पाठवल्या आहेत, एक तुमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी. फोर्टातल्या चर्चचे फोटो तुम्ही मागितले होते, ते भाचीच्या ईमेलवर टाकले आहेत. चेन्नईच्या आर्मेनियन चर्चमध्ये जायचं आहेच, तेव्हा 'अझ्दारार' छापणाऱ्या पाद्र्यांच्या कबरीचा फोटोही घेईन. अंजारच्या तुमच्या चुलतभावाला माझा नमस्कार कळवा, आणि त्यांना सांगा की त्यांच्या बाजूने मी तुमच्याशी भांडले.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा, ही विनंती.

तुमची मुंबईची विद्यार्थिनी