काड्यांचा गठ्ठा आणि प्रोजेक्टर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका असून, आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावासाठी, नुकतीच सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत होते. वर्गात तंत्रज्ञान असावे की नसावे यावर आपल्याकडे बरेच बोलले जाते. मात्र ते कोणत्या घटकाला आणि कोणत्या क्षणी वापरावे, हे आम्हा भावी शिक्षकांना फारसे कोणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र.

तिसरीच्या वर्गात मी हातच्याच्या वजाबाकीचा पाठ घेतला. दशक सुटा होऊन त्याचे दहा एकक कसे होतात हे दाखवणारी चित्रफीत प्रोजेक्टरवर लावली. मुलांनी ती आवडीने तीनदा पाहिली आणि ‘कळलं’ असे एका सुरात सांगितलेही. त्यानंतर वहीत ५२ वजा २७ करायला दिले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांचे उत्तर ३५ आले, कारण दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर त्यांनी सरळ सातातून दोन वजा केले होते. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या बाईंनी खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मुलांच्या हाती दिले. सात काड्या द्यायच्या आणि सुट्या तर दोनच, असा पेच पडल्यावर एका मुलीने आपणहून गठ्ठ्याचे रबर काढले. पडद्यावर दशक आपोआप सुटत होता, इथे तो तिला सोडवावा लागला. माझ्या पाठाच्या निरीक्षणात मात्र ‘साधनांचा उत्तम वापर’ असा शेरा आहे.

याचा अर्थ प्रोजेक्टर गुंडाळून ठेवावा असा नाही. त्याच शाळेत अडखळत वाचणाऱ्या एका मुलाचे वाचन मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्याला ऐकवले. कोणी न सांगता त्याने तोच उतारा आणखी चार वेळा वाचला आणि प्रत्येक वेळी स्वतःचा आवाज ऐकून कुठे थांबायचे ते स्वतःच सुधारले. एका शिक्षकाला दोन-दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात, तिथे एका गटाला टॅबवर गोष्ट ऐकायला बसवून दुसऱ्या गटाकडे निवांत लक्ष देता येणे ही तर फार मोठी सोय आहे. शहरातल्या एकेका तुकडीला स्वतंत्र शिक्षक असणाऱ्या शाळांना तिचे मोल कदाचित कळणार नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सर्वत्र त्यांनी पाठ्यपुस्तकांत वापरलेल्या क्यूआर कोडचीच चर्चा झाली. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक वेगळ्या भाषेतले, ही अडचण त्यांनी आधी ओळखली होती, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. आज बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत आणि २०१७ पासून ‘दीक्षा’ हे शालेय साहित्याचे सरकारी ऑनलाइन व्यासपीठही उपलब्ध आहे. पण मी होते त्या गावात मोबाइलला रेंज मिळते ती देवळाच्या पायऱ्यांवर, त्यामुळे चित्रफिती आदल्या दिवशी उतरवून घ्याव्या लागत. शाळेच्या वीजबिलासाठी पालकांकडून वर्गणी काढावी लागते, हेही मी तिथेच पाहिले. प्रोजेक्टरचा संच देणाऱ्याचे नाव भिंतीवर रंगवले जाते. बिल भरणाऱ्यांची नावे कुठेच नसतात.

आमच्या पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, ‘शैक्षणिक साधने’ असा एक रकाना असतो. त्यात चित्रफीत किंवा पीपीटी लिहिली की पाठ आधुनिक ठरतो, अशी समजूत आम्हा विद्यार्थ्यांत पक्की झाली आहे आणि गुणदानामुळे ती आणखी घट्ट होते. त्या रकान्याशेजारी ‘हेच साधन का’ आणि ‘वीज नसल्यास काय’ या दोन प्रश्नांची उत्तरे लिहिणे सक्तीचे करावे, तसेच निरीक्षकांनी पाठ संपल्यावर पडद्याऐवजी चार-पाच मुलांच्या वह्या पाहून गुण द्यावेत, अशी माझी अध्यापक विद्यालयांना विनंती आहे. असे झाले असते तर त्या वजाबाकीच्या पाठाला मला कमी गुण मिळाले असते, आणि ते योग्यच ठरले असते.

आपली विश्वासू,
एक छात्राध्यापिका, सातारा