नासाची टूर वर्गात विकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या परभणी, नांदेड, लातूर सगळीकडंच शाळांमधून नासाच्या एज्युकेशनल टूरची पत्रं घरोघरी यायला लागलीत, त्याबद्दल लिहायचंय. मी एका पतसंस्थेत नोकरी करते आणि माझी मुलगी नववीला आहे. म्हणजे हे पत्र आमच्या घरीही आलं आणि या पत्रापायी कर्ज मागायला येणारी माणसं मला काउंटरवरही भेटतात, त्यामुळं दोन्हीकडून जे दिसलं ते सांगते.

आधी शाळेत वीस मार्कांची एक परीक्षा झाली, ग्रह किती, चंद्रावर पहिला माणूस कोण उतरला, असले प्रश्न. मग गुळगुळीत कागदावर पत्र आलं, वर रॉकेटचा फोटो, खाली आपल्या पाल्याची निवड झाल्याबद्दल अभिनंदन. मग शाळेच्या हॉलमध्ये मीटिंग, प्रोजेक्टरवर अमेरिकेचे व्हिडिओ, आणि शेवटी आकडा, साडेतीन लाख, त्यातले पंचवीस हजार आठ दिवसांत भरा नाहीतर सीट जाईल. मी नंतर ओळखीच्या आयांना विचारलं, ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांची लेकरं पास. आणि क्लास टीचर प्रत्येकीला वेगळं बोलावून सांगत होत्या की तुमचं लेकरू हुशार आहे, नाही म्हणू नका. आता बाईंनी असं म्हटल्यावर आईच्या जिवाची काय घालमेल होते ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं, घरी जाऊन झोप लागत नाही, आपण नाही म्हटलं तर आपणच लेकराच्या आड आलो असं वाटत राहतं.

त्या मीटिंगमध्ये जे कुणी सांगितलं नाही ते साधं आहे. फ्लोरिडातलं केनेडी स्पेस सेंटर व्हिजिटर कॉम्प्लेक्स हे तिकीट काढून बघायचं ठिकाण आहे, ते चालवते एक खासगी कंपनी, आणि जगातला कुणीही माणूस ऑनलाइन तिकीट काढून आत जाऊ शकतो. ह्यूस्टनचं स्पेस सेंटरही तसंच, ते एक ना-नफा संस्था चालवते, तिथंही तिकीट. नासानं परभणीतल्या कुठल्याही लेकराची निवड केलेली नसते, टूर कंपनीनं गिऱ्हाईक निवडलेलं असतं. कार्यक्रमाचा कागद नीट वाचला तर दहा दिवसांत नासाचे दोन, बाकी डिस्ने, नायगारा, न्यूयॉर्कचं शॉपिंग, आणि जायचे-यायचे दिवस वेगळे.

तरी मी हेही म्हणते की फ्लोरिडातलं ते ठिकाण बघण्यासारखं आहे. माणसं चंद्रावर नेली तसलंच सॅटर्न पाच रॉकेट तिथं आडवं ठेवलंय, ११० मीटर लांब, अटलांटिस हे यान स्वतः तिथं आहे, अंतराळातून परत आलेलं खरं यान. ते समोर बघून एखाद्या लेकराच्या डोक्यात काही पेटत असेल तर ते पैशात मोजता येणार नाही. ज्यांच्याकडं पैसा आहे, लेकराची मनापासून इच्छा आहे, त्यांनी खुशाल पाठवावं, यात काही वाईट नाही. माझं भांडण प्रवासाशी नाहीच. बक्षीस म्हणून सांगून सहल विकायची आणि ती शाळेनं विकायची, याच्याशी आहे.

हे काही आपल्याकडंच चालतं असंही नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५६ मध्ये पीपल टू पीपल नावाचा उपक्रम सुरू केला होता, देशोदेशीच्या लोकांनी एकमेकांना भेटावं म्हणून. पुढं त्याच नावानं एक खासगी कंपनी शाळकरी पोरांच्या परदेश टूर काढायला लागली, तिथल्याही आईबापांना असंच पत्र जायचं की तुमच्या मुलाचं नाव सुचवलं गेलंय, आणि पोरांमागं हजारो डॉलर भरावे लागायचे. तिथंही बऱ्याच घरांमध्ये वाद झाले, हा मान आहे का विक्री आहे म्हणून, आणि ती कंपनी शेवटी २०१५ मध्ये बंद झाली. म्हणजे ही पत्राची रीत जुनी आहे, आपल्या जिल्ह्यात ती आता पोचली एवढंच.

आता काउंटरची गोष्ट. जिंतूर तालुक्यातला एक शेतकरी सोनेतारण करायला आला, बायकोच्या पाटल्या घेऊन. आम्ही कारण विचारतो, फॉर्मवर लिहावं लागतं, तर म्हणाला, "ताई, पोरगं नासाला निवडलं गेलंय." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला पुढं काही विचारवेना. पण विचारलं, रिफंडचं काही लिहून दिलंय का, व्हिसा नाही मिळाला तर काय. त्याला व्हिसा वेगळा काढावा लागतो हेच माहीत नव्हतं, पासपोर्ट झाला म्हणजे झालं असं वाटत होतं. अमेरिकेच्या व्हिसाची फी १८५ डॉलर, नकार आला तरी ती परत मिळत नाही, मुलाखतीला मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये जावं लागतं आणि द्यायचा का नाही हे तिथला अधिकारी ठरवतो, कुठल्याही टूर कंपनीला त्याची गॅरंटी देता येत नाही. हे त्याला शाळेनं सांगायला पाहिजे होतं का नव्हतं?

२०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत मराठवाड्यात काय झालं ते सगळ्यांना माहितीय, उभं सोयाबीन पाण्यात गेलं, कुठं कुठं तर मातीसकट. त्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तो पूर्ण मिळाला असं धरलं तरी साडेतीन लाखांना ६५ क्विंटलच्या वर सोयाबीन लागतं, आणि आडतीवर हमीभाव कितीजणांना मिळाला ते विचारू नका. बरं साडेतीन लाखात भागतही नाही, पासपोर्ट, व्हिसा, मुंबईच्या खेपा, थंडीचे कपडे, बॅग, लेकराच्या हातखर्चाचे डॉलर. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस नावाचा करही आधीच वसूल होतो, तो पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरलं तर हिशेबात धरता येतो किंवा परत मिळतो, पण ज्यानं आयुष्यात रिटर्न भरलं नाही त्या बापाला हे कोण सांगणार, तो पैसा तसाच पडून राहतो. आमच्या भागात नववी-दहावीनंतर लगेच लातूर किंवा नांदेडला क्लास आणि हॉस्टेल हा खर्च दारात उभा असतो, सोनं तेव्हाच्यासाठी ठेवलेलं असतं, आणि ते आधीच गहाण पडलं तर अकरावीला काय करायचं?

आमच्या घरातही यावर बरेच दिवस चर्चा चालली. मुलीचे बाबा म्हणत होते पाठवू, आपल्याला पुण्याच्या पुढं काही बघायला मिळालं नाही, लेकीनं तरी बघावं. सासरे म्हणाले माझी एफडी मोडा. मला दोघांचंही मन कळत होतं. मग मी मुलीला शेजारी बसवून विचारलं की तुला नेमकं काय बघायचंय, तर ती म्हणाली, रॉकेट, रोलर कोस्टर, आणि मैत्रिणी चालल्यात म्हणून. मला हे उत्तर आवडलं, खरं बोलली, चौदा वर्षांच्या पोरीला मैत्रिणींबरोबर जावं वाटणारच. आम्ही तिला पूर्ण हिशेब कागदावर मांडून दाखवला, घरात येतं किती, जातं किती, आजोबांची एफडी कशासाठी आहे, आणि सांगितलं की यावेळी नाही. ती रुसली, अजूनही थोडी रुसलेलीच आहे, आणि तिचं रुसणं मला पटतं कारण वर्गात रोज तोच विषय चाललेला असतो, फळ्यावर पैसे भरणाऱ्यांची नावं लिहिली जातात. ज्यांची नावं नाहीत त्या लेकरांनी काय समजायचं, आपण हुशार नाही का आपले आईबाप कमी पडले?

आणि हीच शाळा औंढा नागनाथला किंवा वेरूळला सहल काढते तेव्हा किती कागद लागतात बघा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, सोबत शिक्षक, मुली असतील तर शिक्षिका, एसटी ठरवायची कारण शालेय सहलीला एसटीत निम्मी सवलत असते. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडून गेली, त्यानंतर सहलींचे नियम आणखी कडक झाले आणि ते व्हायलाच पाहिजे होते. मग शे-दोनशे किलोमीटरवर जायला एवढं सगळं आणि लेकरू सातासमुद्रापार चाललंय तर एक व्हॉट्सॲप मेसेज? विचारलं तर शाळा म्हणते टूर कंपनीची आहे, आमचा संबंध नाही. संबंध नाही तर हॉल कसा दिला, परीक्षा शाळेच्या तासाला कशी घेतली, क्लास टीचर फोन का करतात? कंपनीकडून शाळेला काही मिळतं का, सोबत जाणाऱ्या शिक्षकांच्या सीट फुकट असतात का, हे मी मीटिंगमध्ये विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही.

ज्या पालकांनी पाठवायचं ठरवलंय त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की पैसे भरायच्या आधी सगळं लेखी घ्या, तोंडी काही चालत नाही. व्हिसा नाकारला, लेकरू आजारी पडलं, किंवा पुरेशी मुलं झाली नाहीत म्हणून टूरच रद्द झाली तर किती पैसे परत आणि किती दिवसांत, किती मुलांमागं एक मोठा माणूस, मुलींबरोबर बाई कोण आणि ती रात्री त्याच मजल्यावर असणार का, इन्शुरन्स किती रकमेचा आणि पॉलिसीची कॉपी आपल्या हातात येणार का, पासपोर्ट कुणाकडं राहणार, लेकराला दम्याचा किंवा कसला त्रास असेल तर औषध कोण देणार. पावती कंपनीच्या नावाची, जीएसटी नंबर असलेली घ्या, पैसे बँकेतूनच भरा, शिक्षकाच्या फोनपेवर टाकू नका. काही बिनसलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी मुंबईची असो का दिल्लीची, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी फोन करून विचारता येतं. पण त्यासाठी हातात कागद पाहिजे. आणि घाई करू नका, आज भरा नाहीतर सीट गेली असं जो म्हणतो त्याला म्हणा, जाऊ द्या.

ज्यांना जमणार नाही त्यांनी लेकरासमोर मान खाली घालायचं काही कारण नाही. इस्रोचा युविका म्हणून कार्यक्रम आहे, २०१९ पासून चालू आहे, नववीच्या मुलांसाठी, उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहून शिकायचं, आणि प्रवास, राहणं, खाणं सगळा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे मार्क, विज्ञान स्पर्धा, क्विझ हे बघतात आणि खेड्यातल्या शाळेतल्या मुलांना जास्त वजन देतात, म्हणजे तो आपल्या लेकरांसाठीच केल्यासारखा आहे. आमच्या शाळेत त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही, मला ते इंटरनेटवर शोधावं लागलं. पुणे जिल्हा परिषदेनं तर आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीनं परीक्षा घेऊन झेडपीच्या शाळेतली मुलं परिषदेच्या खर्चानं नासाला नेली. तिथं निवड म्हणजे खरंच निवड, पालकांकडून पैसा नाही. आपल्या मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदांनी हे का करू नये?

आणि आपल्या दारात काय होतंय तेही बघा. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, केंद्रानं २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली, जवळपास २,६०० कोटींचा प्रकल्प, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेली वेधशाळा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेनं गुरुत्वीय लहरी, म्हणजे लांब अंतराळातल्या मोठ्या धडकांमुळं उठणारे तरंग, पहिल्यांदा पकडल्या, त्याला २०१७ चं नोबेल मिळालं, आणि तसलंच यंत्र इथं आपल्या सोयाबीनच्या रानात येतंय. परभणीतल्या किती शाळांनी त्यांच्या शास्त्रज्ञांना एक तास बोलायला बोलावलंय? पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० अँटेना, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन असतं, शास्त्रज्ञ स्वतः उभं राहून सांगतात. लोणारचं विवर जालन्यापासून फार लांब नाही. आम्ही मुलीला यंदा खोडदला नेणार आहोत, तिच्या दोन मैत्रिणी पण येणार आहेत, त्यातली एक अमेरिकेलाही चाललीय.

माझ्या मागण्या शिक्षण विभागाकडं आहेत आणि त्या जास्त नाहीत. खासगी टूर कंपनीला शाळेच्या वेळेत, शाळेच्या जागेत मीटिंग आणि परीक्षा घेऊ देऊ नये, शिक्षकांनी पालकांना फोन करून गळ घालू नये, वर्गात नावं लिहू नयेत, आणि शाळेला अशा टूरमधून काही लाभ होत असेल तर तो नोटीस बोर्डावर लावायला सांगावा. युविकाच्या अर्जाची तारीख मात्र प्रत्येक शाळेनं प्रत्येक नववीच्या वर्गात वाचून दाखवलीच पाहिजे असं सक्तीचं करावं. परभणीच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी हे पत्र वाचलं तर एवढं एक परिपत्रक याच महिन्यात काढावं, कारण पुढच्या टूरची बुकिंग चालू झालीय आणि आमच्या काउंटरवर माणसं यायला लागलीत.

आपली नम्र,
एक पालक, परभणी