ओपन इलेक्टिव्हचा नुसता टाइमपास करून ठेवलाय

संपादक साहेब, नमस्कार.

अ‍ॅडमिशन, कट ऑफ, पॅकेज यावर रोज काही ना काही छापून येतं पण कॉलेजात मेन विषय सोडून दुसऱ्या शाखेचं जे निवडून शिकायचं असतं, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, आणि बाकीचं जे शिकवतात त्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात कॉमर्सवाल्यांनी थोडं सायन्स, सायन्सवाल्यांनी थोडा इतिहास, अर्थशास्त्र शिकावं असं आहे. मला ते शंभर टक्के पटतं. पण आमच्या नातेवाईकांत ठरलेला प्रश्न, याचा प्लेसमेंटला काय उपयोग?

उपयोग सांगतो. आम्ही राहतो सिंहगड रोडला. जुलै २०२४ मधे एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा सगळ्यांच्या मोबाईलवर खडकवासला धरणातून ३५ हजार क्युसेक विसर्ग असे मेसेज फिरत होते आणि आमच्या सोसायटीत इंजिनिअर, सीए, एमबीए सगळे असून क्युसेक म्हणजे किती हे एकालाही धड सांगता येईना. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे ३५ हजाराला सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर झाले की हो! हे कळलं असतं तर लोक पार्किंगमधल्या गाड्या काढायला आधीच धावले असते.

आता पर्यावरणाचं शिक्षण कम्पल्सरी करा असं सुप्रीम कोर्टानं १९९१ सालीच सांगितलंय. माझी मुलगी बीकॉमला आहे, तिच्या कॉलेजात याचा प्रोजेक्ट झेरॉक्सवाल्याकडे रेडी मिळतो, नाव नि रोल नंबर बदलायचा, स्पायरल मारून सबमिट. विषय जलप्रदूषण, कव्हरवर फोटो गंगेचा, आणि मुठा नदी कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर! तिथं कोणी नेलं नाही. परीक्षा एमसीक्यूची, आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते.

शिकवणाऱ्या सरांना मी बोल लावत नाही. ते तासिका तत्त्वावर, सकाळी एक कॉलेज दुपारी दुसरं, मानधन कधी हातात पडेल त्याचा पत्ता नाही, त्यांनी पोरांना नदीवर कधी न्यायचं? उगाच दहा इलेक्टिव्हची लिस्ट लावण्यापेक्षा तीनच ठेवा, पण त्याला पर्मनंट माणूस द्या, एमसीक्यू बंद करा आणि प्रोजेक्ट स्वतः जाऊन बघितल्याशिवाय घेऊ नका. विद्यापीठानं निदान एवढं तरी करावं.

- एक पालक, सिंहगड रोड, पुणे