शुभदास पत्र: स्विचवरचा योग

पुणे,
रविवार

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझे दोन प्रश्न आहेत. मुलांच्या स्विचवर, म्हणजे निन्टेंडोच्या त्या खेळयंत्रावर, घरच्या घरी योग शिकता येईल का, आणि डब्लिनच्या त्या जुन्या सामानाच्या दुकानात योगाच्या खेळाच्या कार्ट्रिजसकट दिसलेलं डीएस लाइट, निन्टेंडोचंच जुनं हातात धरायचं खेळयंत्र, घ्यावं का? पहिल्याचं उत्तर हो, पण अर्धंमुर्धं. दुसऱ्याचं उत्तर दुकानदार किती मागतोय त्यावर.

आधी स्विचचं बघू. त्यावरचा 'रिंग फिट ॲडव्हेंचर' हा व्यायामाचा खेळ ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. नुसतं कार्ट्रिज घेऊन भागत नाही. सोबत रिंग-कॉन, म्हणजे दाबता-ओढता येणारं लवचिक कडं, आणि मांडीला बांधायचा पट्टा लागतोच. जुनं घेणार असशील तर या दोन्ही वस्तू हातात घेऊन बघ. स्विचच्या दोन्ही बाजूंचे सुटणारे कंट्रोलर म्हणजे जॉय-कॉन. उजवा जॉय-कॉन कड्यावर सरकवून बसवायचा, डावा पट्ट्याच्या खिशात घालायचा. मुलांचं यंत्र स्विच लाइट असेल तर त्याचे जॉय-कॉन सुटत नाहीत, वेगळी जोडी घ्यावी लागेल. आणि स्विच २ असेल तर त्याचे नवे जॉय-कॉन या कड्यात बसत नाहीत, तिथेही जुनीच जोडी हवी.

खेळात व्यायामांचे चार रंग आहेत: हात लाल, पोट पिवळं, पाय निळे आणि योग हिरवा. मुख्य खेळ राक्षसांशी लढण्याचा आहे. तो मुलांना सोडून दे. तू कस्टम मोडमध्ये जाऊन आपली यादी बनव. वीरभद्रासनाचे तिन्ही प्रकार, वृक्षासन, उत्कटासन आणि नावासन यांची रूपं तिथे आहेत. सुरुवातीला चारच घे. सूर्यनमस्कारांसाठी यंत्राची काय गरज? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते शाळाशाळांत नेले, आणि तुझ्या-माझ्या शाळेच्या मैदानापर्यंत ते पोचले ते त्याच परंपरेतून. ते आपले आकड्यांवरच घाल.

आता खरी गोष्ट. या यंत्राला तुझ्या शरीराच्या दोनच जागा कळतात: डावी मांडी किती कलली आणि कडं कुठे आहे, किती दाबलंय. बाकी तू त्याला दिसतच नाहीस. पाठीला पोक आलंय का, गुडघा कुठे वळलाय, मागची टाच उचलली का, श्वास चालू आहे का, यातलं काहीही त्याला कळत नाही. त्यामुळे चुकीच्या आसनालाही शाबासकी मिळते, आणि शाबासकी मिळाली की ती चूक अंगवळणी पडते.

वीरभद्रासनाचा दुसरा प्रकार घे. पायांत साडेतीन फुटांचं अंतर. पुढचं पाऊल सरळ बाहेर, मागचं किंचित आत. पुढचा गुडघा वाकवला की तो अंगठ्याच्या बाजूला, आत ढळतो. नवख्या माणसाचं हे हमखास होतं, कारण मांडीच्या बाहेरच्या बाजूचे आणि कुल्ल्याचे स्नायू थकतात आणि वजन आतल्या काठावर येतं. मांडीचा कल मात्र तेवढाच राहतो, म्हणून यंत्र खूश. तू काय करायचंस? गुडघ्याची बाहेरची बाजू भिंतीला किंवा कपाटाला हलकेच टेकेल अशी उभी राहा आणि आसनभर तो स्पर्श सुटू देऊ नकोस. गुडघा बरोबर घोट्यावर हवा. तो बोटांच्या पुढे जात असेल तर पायांतलं अंतर वाढव. दुसरी खोड म्हणजे धड पुढच्या पायाकडे झुकतं. त्यावर मागच्या हाताची बोटं लांब ताणायची, धड आपोआप मधे येतं. मागच्या टाचेची बाहेरची कड उचलली जात असेल तर टाच भिंतीच्या तळाशी टेकवून उभी राहा.

वृक्षासनात पाऊल गुडघ्यावर टेकवायचं नाही. मांडीवर, नाहीतर खाली पोटरीवर. गुडघ्याचा सांधा पुढे-मागे वाकण्यासाठी आहे, बाजूने दाब सोसण्यासाठी नव्हे. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभी राहा. तोल गेलाच तर पाठ टेकते, आणि टेकायची सोय आहे एवढं माहीत असलं तरी निम्मा तोल सावरतो. नजर पडद्यावर ठेवलीस की तोल जाणारच, कारण पडद्यावरची आकृती हलत असते. नजरेसाठी समोरच्या भिंतीवर टिकली चिकटव.

नावासनात कंबर गोल होते आणि माणूस शेपटीच्या हाडावर बसतो. गुडघे वाकव, जुनी ओढणी तळपायांमागून घे आणि दोन्ही टोकं धरून छाती उचल. उत्कटासनात कडं डोक्यावर धरताना खांदे कानांना चिकटतात. कडं थोडं पुढे धरलंस तरी यंत्राला फारसा फरक पडत नाही, मानेला मात्र पडतो.

आसनाला भिंत, पट्टा, स्टूल, वीट यांचा आधार घेण्याची ही कल्पना तुझ्या गावचीच आहे. मॉडेल कॉलनीत बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे, आणि साधनं वापरून आसन शिकवण्याची रीत तिथूनच जगभर गेली. यंत्र वेळ मोजायला ठेव, चूक दाखवायचं काम भिंतीला दे.

मांडणीचं सांगते. टीव्हीला न जोडता यंत्र टेबलावर उभं करणार असशील तर उभ्या आसनांना ते छातीच्या उंचीवर हवं. खाली ठेवलंस तर मान सतत झुकते. बसून करायच्या आसनांना ते पाटावर उतरव. स्विचचं ओलेड पडद्याचं मॉडेल असेल तर मागचा टेका रुंद आणि हवा तसा कलता आहे. आधीच्या मॉडेलची ती बारीक पट्टी भरवशाची नाही, पुस्तकांच्या आधाराने ठेव. या दोन्ही मॉडेलांत चार्जिंगचं भोक खालच्या बाजूला असल्यामुळे असं उभं असताना वायर लावणं जमत नाही, तेव्हा आधीच चार्ज कर. जॉय-कॉनही सुटे असताना चार्ज होत नाहीत, ते रात्री यंत्राला लावून ठेवायचे.

मांडीचा पट्टा सैल राहिला की घसरतो, कल चुकीचा मोजला जातो आणि यंत्र 'अजून खाली' म्हणत बसतं. आपण बिचारे खाली जात राहतो, आणि गुडघा दुखतो. पट्ट्यात दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट बांध, गुळगुळीत लेगिंग्जवर नको. घट्ट बांधूनही गडबड वाटली तर सेटिंग्जमध्ये कंट्रोलर आणि सेन्सरच्या भागात जाऊन हालचालीचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप पुन्हा जुळवणं, कर. जॉय-कॉन सपाट टेबलावर ठेवायचा आणि अधिकचं किंवा उणेचं बटण दाबून धरायचं. पट्टा आणि कड्यावरची कापडी आवरणं निघतात. हाताने धुऊन सावलीत वाळव.

तुझ्या घराची जमीन लाकडी आणि खाली भाडेकरू, म्हणून सायलेंट मोड चालू ठेव. त्यात जागच्या जागी धावण्याऐवजी गुडघे वाकवायचे असतात. आवाजासाठी ब्लूटूथ हेडफोन चालतात. फक्त ते जोडल्यावर दोनच वायरलेस कंट्रोलर चालतात, आणि दोन जॉय-कॉन म्हणजे ते दोन भरले. मुलगा तिसरा घेऊन बसला असेल तर त्याला उठव. मॅट चार ते सहा मिलिमीटरची घे. जाड स्पंजावर एका पायावर उभं राहणं उगाच अवघड होतं. सतरंजी तर अजिबात नको, फरशीवर काय आणि लाकडावर काय, ती सरकतेच.

क्रम असा ठेव. नवं आसन असेल तेव्हा आधी नुसतं बसून पडद्यावर एकदा पूर्ण बघ. आकृतीचा डावा हात म्हणजे तुझा कोणता, हे तेव्हाच ठरव. मग पडद्याकडे न बघता, फक्त आवाजावर कर. यंत्राची लय तुझ्या श्वासापेक्षा जलद वाटली तर एखादी आवृत्ती सोडून दे, पण श्वास कोंडू नकोस. 'धरा' म्हटलं की बहुतेकांचा श्वास अडतो, आणि रक्तदाब चढतो तो त्यानेच. तुझी बीपीची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच सुरू कर. हात डोक्यावर धरून खूप वेळ थांबायचं नाही, डोकं खाली जाणारी आसनं तूर्त नाहीत. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ दे. शेवटी यंत्र हातपाय ताणून घेतं आणि जॉय-कॉनवर अंगठा ठेवायला सांगून नाडी मोजतं. ते झालं की ते बंद कर आणि पाच मिनिटं शवासन. हे मात्र चुकवू नकोस, आणि पडद्याचा उजेड चालू ठेवून तर मुळीच करू नकोस.

आता डीएस लाइट. तू लिहिलेलं कार्ट्रिज बहुधा कोनामीचं 'लेट्स योगा', २००७ च्या सुमाराचं. डीएसला हालचाल कळतच नाही. दोन तीन-तीन इंची पडदे, खालचा स्पर्शाचा, आणि एक माइक, एवढंच. म्हणजे ते चित्रांचं बोलकं पुस्तक झालं. पण त्यात एक सोय आहे: खोटी शाबासकी मिळण्याची भीती कमी. इतक्या लहान पडद्यावरची आकृती चार फुटांवरून दिसत नाही, त्यामुळे बघून घ्यायचं आणि मग कानांनी करायचं, ही सवय आपोआप लागते. हेडफोनचं भोक साधं साडेतीन मिलिमीटरचं आहे. झाकण मिटलंस की यंत्र झोपतं, म्हणून उघडंच ठेव. डीएसची कार्ट्रिजं कुठल्याही देशातली चालतात, त्याची काळजी नको. विकत घेण्याआधी उजवी बिजागरी नीट बघ. त्या मॉडेलला तिथेच तडा जातो, आणि तडा वाढला की वरचा पडदा जातो. तडा असेल तर किंमत पाडून माग, नाहीतर राहू दे.

दोन्हींतलं एकच घ्यायचं तर मी रिंग फिट म्हणेन, कारण मुलंही वापरतील. महिनाभर केल्यावर फोन कमरेच्या उंचीवर, बाजूला ठेवून वीरभद्रासनाचा फोटो काढ आणि मला पाठव. समोरून नको, समोरून सगळ्यांचंच छान दिसतं. डिसेंबरात येशील तेव्हा इथल्या एखाद्या शिक्षकांसमोर एकदा उभी राहा. पंधरा मिनिटांत ते जे दाखवतील ते यंत्र वर्षभरात दाखवणार नाही.

मुलांना आशीर्वाद.

तुझी,
अंजू

ता. क. डीएस लाइट घेतलंस तर चार्जर सोबत मागून घे. त्याची पिन त्याच्यापुरतीच आहे, घरातली दुसरी कुठलीही वायर लागायची नाही.