नंदूस पत्र, चिऊच्या प्रश्नाबद्दल

वडोदरा
डिसेंबर २०२५

प्रिय नंदू,

तुझा मेसेज येऊन पंधरा दिवस होत आले, रागावला असशील, पण दोन ओळीत उत्तर द्यावं असा तो प्रश्नच नव्हता रे. तुमच्या चिऊला एमए झाल्यावर "मधूमावशी करते तसलं काम" करायचंय आणि तू विचारतोस की बाई तू नक्की करतेस तरी काय, घरी बसून लॅपटॉपवर सुदानमधल्या मुलांचं कसं काय भलं करतेस. आई पण हेच विचारते. तिला मी सांगते हिशेब तपासते म्हणून, आणि ते खोटंही नाही.

तर सांगते. लढाई, दुष्काळ, पूर असलं काही ज्या देशात चाललेलं असतं तिथे मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था असतात, युनिसेफसारख्या मोठ्या आणि शेकडो छोट्या छोट्या. त्यांची नेहमीची माणसं कामात बुडालेली असतात, म्हणून एखादा कार्यक्रम आखायला, किंवा चाललेला कार्यक्रम नीट चाललाय का ते बघायला माझ्यासारखी बाहेरची माणसं घेतात. तीन महिने, सहा महिने. टीओआर नावाचा कागद येतो, त्यात काय काय करून द्यायचं ते लिहिलेलं असतं, ते दिलं की हप्त्याहप्त्याने पैसे. रजा नाही, पीएफ नाही, पुढचं काम मिळेल याची खात्री नाही. माझा विषय कुपोषण, होम सायन्सला आपल्या एमएस युनिव्हर्सिटीत जे शिकले तेच, फक्त तेव्हा आम्ही छाणीकडच्या आंगणवाडीत मुलांची वजनं करायचो आणि आता सुदानच्या पश्चिमेकडच्या दार्फुरमधून येणाऱ्या तक्त्यात बघते.

एक पट्टी असते, कागदासारखी पातळ, लाल पिवळी हिरवी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती गुंडाळायची. साडेबारा सेंटिमीटर किंवा वर असेल तर हिरवा, त्याच्या खाली पिवळा आणि साडेअकराच्या खाली गेला की लाल. तू आत्ता एक दोरा घे, साडेअकरा सेंटिमीटरवर गाठ मार आणि स्वतःच्या मनगटाला लावून बघ, टोकं जुळणारच नाहीत. तो चार वर्षांच्या पोराचा दंड असतो नंदू. लाल निघालं की मुलाला औषधासारखं खाणं सुरू करायचं, शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल, वरून जीवनसत्त्वं आणि खनिजं. आईला मी सांगितलं तर म्हणाली म्हणजे आपल्या शिंगेचीच, शेंगदाण्याचीच चिक्की की, पातळ केलेली. बरोबरच आहे तिचं. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी, शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही, आणि ह्या पाणी न घालण्यातच सगळी गोम आहे कारण तिकडचं पाणीच खराब असतं, दुधाची पावडर त्यात कालवून दिली तर मूल जुलाबाने जातं. १९९६ च्या सुमारास आंद्रे ब्रियाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी हे बसवलं, त्याआधी अशा मुलांना आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवून खास दूध पाजावं लागायचं, आणि घरी बाकीची चार पोरं टाकून कुठली आई तेवढे दिवस राहणार. आता ज्याला दुसरं काही दुखणं नाही आणि जे तोंडाने खातंय ते मूल घरीच बरं होतं. १५० पाकिटांचा एक खोका, सहा ते आठ आठवडे, साधारण एक मूल. (आपल्याकडे या पाकिटांवरून बरेच वाद आहेत, आपलं घरचं अन्न का नको म्हणून, आणि तो मुद्दा मला पटतो, पण जिथे घरच राहिलेलं नाही तिथे मी वाद घालत नाही.)

आता वय. पाच वर्षांखालचं आहे की नाही हे ठरवायला वय लागतं, आणि पळून आलेल्या आईकडे जन्माचा दाखला कुठला असणार. मग एक काठी घेतात, ६५ सेंटिमीटरवर एक खूण आणि ११० वर एक, त्या दोन खुणांच्या मधे उभं राहिलं ते मूल घ्यायचं. आणि जिथे थोडा वेळ असतो तिथे आईला विचारतात, हा झाला तेव्हा काय चाललं होतं गावात? पेरणी होती का, ईद झाली होती का, पहिला गोळीबार व्हायच्या आधीचा की नंतरचा? अशा घटनांचं एक कॅलेंडरच बनवून ठेवतात. मला हे पहिल्यांदा कळलं ना तेव्हा माझी आजी आठवली रे, तुला आठवते ना, दांडियाबाजारच्या वाड्यात ओट्यावर बसलेली. तिला तारीख माहीत नव्हती, ती म्हणायची "सत्तावीसच्या पुरात मी आईच्या कडेवर होते, रांगत नव्हते अजून", आणि त्यावरून पेन्शनच्या वेळी काकांनी तिचं साल काढलं. जगात सगळीकडे आयांना असंच लक्षात राहतं.

मी स्वतः जाऊन बघितलंय ते एकदाच, २०१८ साली, बांगलादेशात कॉक्स बाजारला. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखाच्या वर रोहिंग्या म्यानमारमधून तिथे आले होते आणि टेकड्याच्या टेकड्या बांबू आणि ताडपत्रीने भरून गेलेल्या. तेव्हा रोज चिखलात चालायचे. सुदानला मी गेलेली नाही. १५ एप्रिल २०२३ ला तिथे लढाई पेटली आणि तेव्हापासूनचं माझं सगळं काम इथून, आजवा रोडच्या या मागच्या खोलीतून. तक्ते येतात, फोटो येतात, आणि तिथली एक बाई मला व्हॉइस नोट पाठवते. तिचं नाव लिहीत नाही. ती स्वतः दोनदा घर सोडून पळालेली आहे, तिची स्वतःची मुलं तंबूत आहेत आणि ती दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांचे दंड मोजते. नेटवर्क येईल तेव्हा नोट येते, म्हणजे रात्री दोनला पण येते. खरं काम ती करते. मला एका दिवसाचे जेवढे मिळतात तेवढे तिला महिन्याला मिळत नसतील आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, चिऊलाही ती आधी सांग, नंतर कळून कडवट होण्यापेक्षा बरं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लांबलं ते सांगते.

आमच्या तक्त्यात एक रकाना असतो, डिफॉल्टर. आपल्याकडे डिफॉल्टर म्हणजे बँकेचे हप्ते बुडवणारा. तिकडे डिफॉल्टर म्हणजे जे मूल उपचाराला यायचं आणि लागोपाठ दोन-तीन वेळा आलंच नाही ते. जगभर मानलेली मापं आहेत, बरी झालेली मुलं शंभरात ७५ च्या वर हवीत, दगावलेली १० च्या खाली, आणि डिफॉल्टर १५ च्या खाली. गेल्या वर्षी एका ठिकाणचा तक्ता आला, दार्फुरमधलं ठिकाण, नाव सांगता येत नाही, तिथे हा आकडा महिन्याभरात एकदम खाली आलेला, जवळजवळ शून्य. ऑफिसमधे सगळे खूश, रिपोर्टमधे "उल्लेखनीय सुधारणा" असं वाक्यही तयार होतं, मी फक्त सही करायची. मला मात्र ते पटेना. ज्या महिन्यात त्या भागात गोळीबार झाला, लोक पळाले, त्याच महिन्यात एकही मूल गैरहजर नाही हे कसं? मी त्या बाईला विचारलं. तिची नोट तीन दिवसांनी आली. म्हणाली जुनं केंद्र सोडावं लागलं, नव्या जागी नवं रजिस्टर उघडलं, जुनं तिकडेच राहिलं. म्हणजे जी मुलं नव्या जागी पोचली त्यांचीच नावं नव्या रजिस्टरमधे आली. जी पोचली नाहीत ती गैरहजर पण नव्हती नंदू, ती नव्हतीच. यादीतच नाही तर डिफॉल्टर कुठून होणार.

मी ते जसंच्या तसं लिहिलं. मला सांगण्यात आलं की हे मुख्य रिपोर्टमधे नको, देणगीदार गोंधळतील, भाषा सौम्य करा. मी नाही केली. माझा शेवटचा हप्ता पाच महिने अडकला, इकडे आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, फार ओढाताण झाली, तुला तेव्हा सांगितलं नाही. शेवटी ती ओळ पुरवणीत गेली, मागे, कुणी उघडणार नाही अशा जागी. पण त्या ओळीमुळे एक झालं, त्या बाईने आणि तिच्या बरोबरच्या पोरींनी आठवणीतून जुनी नावं काढली, कोण कुठल्या गावचं, कुणाची आई कोण, आणि शोधायला लागल्या. तिथे वस्तीवस्तीत लोकांनीच चालवलेली स्वयंपाकघरं आहेत, तकाया म्हणतात, तिथल्या जेवणाच्या रांगेत जाऊन विचारायच्या. काही मुलं सापडली. बरीच नाही सापडली. एका मुलाची आई भेटली, मूल नव्हतं.

मला हे इतकं का लागलं त्याचं एक कारण आपल्याच गावात आहे. २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, तू टीव्हीवर बघून फोन करत होतास आणि माझा फोन बंद. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर छातीएवढं पाणी, तीन दिवस लाईट नाही, खाली मगर आली मगर आली म्हणून ओरडा. खाण्याची पाकिटं आली, माणसं खरंच जिवावर उदार होऊन आणत होती, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण बोट मोठ्या रस्त्यापर्यंतच यायची. आमच्या मागे भंगारवाल्यांची आठ-दहा घरं आहेत, ती कुठल्या सोसायटीची नाहीत, त्यांचा कुणी सेक्रेटरी नाही, त्यांना कुणी मोजलंच नाही. त्यातली एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन आमच्या जिन्यात दोन रात्री बसली होती. दूध आटलं होतं तिचं. मी जगभरच्या कुपोषणाचे तक्ते तपासणारी, आणि तिची खबर मला दुसऱ्या दिवशी लागली. नंतर पेपरात वाटलेल्या पाकिटांचा आकडा आला तेव्हा मी फक्त त्या बाईचा विचार करत बसले. त्याच आठवड्यात, १ सप्टेंबरपासून, गाझात पोलिओची मोहीम सुरू झाली होती, पंचवीस वर्षांनी पोलिओची पहिली केस तिथे निघाली म्हणून सहा लाखाच्या वर मुलांना डोस द्यायचे होते आणि त्यासाठी काही तास लढाई थांबवून घेतली होती. मोबाईल चार्ज झाल्यावर पहिली बातमी मी ती वाचली. तिथे एक एक मुलाच्या बोटाला शाईची खूण करत होते, कोण राहिलं ते कळावं म्हणून. किती साधी गोष्ट.

आणि आपण बडोद्याचे लोक ना रे. सयाजीराव महाराजांनी आधी अमरेलीकडे करून बघितलं आणि मग १९०६ ला सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मोफत आणि सक्तीचं, पोराला शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला दंड. आपण शाळेत हे पाठ करायचो पण मला आता त्यातलं जे दिसतं ते हे की दंड करायचा म्हणजे आलं नाही ते पोर कुठलं ते आधी कुणाला तरी माहीत पाहिजे. हजेरीत कोण आहे ते तर मास्तर सांगेलच.

या वर्षीचं मात्र वाईट आहे सगळं. जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, आधी नव्वद दिवस म्हणाले आणि १ जुलैला त्यांची ती मदतीची संस्था, यूएसएड, बंदच झाली. माझी दोन कामं एका ईमेलने गेली, त्याचं मला एवढं नाही, आपल्याला निदान घर आहे. पण पाकिटं गोदामात आणि मुलं तिकडे. सुदानमधल्या त्या तकाया तर धडाधड बंद पडल्या. दार्फुरमधल्या झमझम नावाच्या, घर सोडून आलेल्यांच्या छावणीत २०२४ च्या ऑगस्टमधेच दुष्काळ जाहीर झाला होता, यंदा एप्रिलमधे ती छावणीच मोडली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी दीड वर्षाच्या वेढ्यानंतर तिथलं एल फाशर शहर पडलं. लोक तिथून चालत तविला नावाच्या गावाला पोचतायत. त्या बाईची शेवटची नोट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली आहे. छोटीशी, अकरा सेकंदांची. पट्ट्या संपल्यात, दोऱ्याला गाठी मारून मोजतोय, एवढंच.

म्हणून तुला दोऱ्याचं सांगितलं वर.

आता चिऊ. तिला परदेशातल्या मोठ्या कोर्सचे पैसे भरायच्या आधी एक वर्ष इथे घालव म्हणावं. इंग्रजी चांगलं असून भागत नाही, ते सगळ्यांचंच असतं. रडणारं मूल वजनकाट्यात कसं बसवायचं, पायावर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतो का ते कसं बघायचं, आणि आई खोटं सांगत असेल तर ती का सांगतेय ते तिच्यावर न चिडता कसं ओळखायचं, हे आधी येऊ दे. मी ज्या आंगणवाडीत अजून महिन्यातून दोनदा जाते तिथल्या बेन, म्हणजे ताई, फार छान आहेत, वीस वर्षं झाली त्यांना, रजिस्टर न बघता सांगतात आज कोण आलं नाही आणि का नाही आलं. चिऊला त्यांच्याबरोबर ठेवते. मराठीवर भागणार नाही, गुजराती शिकावं लागेल, तुला येतंच की, घरी बोलायला सुरू कर.

उत्तरायणला याच सगळे. पतंगाचे दोन दिवस कुणी काही काम करणार नाही, ते जाऊ दे, गच्चीवर बसू, उंधियो मी करते, पण १६ तारखेपासून चिऊला माझ्याकडे ठेव आणि तुम्ही दोघं परत जा. वहिनींना सांग चिऊची खोली वरची, कोरडी आहे, पुरातही तिथे पाणी आलं नव्हतं. आणि येताना पुण्याहून शिवणाच्या दुकानातल्या मोजपट्ट्या घेऊन ये, त्या मऊ, पिवळ्या, दीडशे सेंटिमीटरवाल्या. वीस-पंचवीस तरी आण. बेनना हव्यात, आणि कुणी तिकडे जाणारं भेटलं तर त्याच्याबरोबर काही पाठवता येतात का बघते.

तुझी,
मधू